जर्मन, देशी की चायना? दुरुस्तीच्या दुकानाची पहिली हत्यारं घेताना

प्रश्न: माझ्या मुलानं आयटीआयचा फिटर ट्रेड पूर्ण केला आणि मग दोन वर्षं गॅरेजात काम केलं. दिवाळीनंतर तो आमच्याच गावात स्वतःचं दुकान टाकतोय. दुचाकी, विहिरीवरच्या मोटारी, फवारणी पंप, जुनी डिझेल इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करणार. हत्यारांसाठी बचत गटातून घेतलेले १५,००० रुपये मी बाजूला ठेवलेत. सोलापूरचा दुकानदार म्हणतो, ‘जर्मन घ्या, आयुष्यभर बघायला नको, देशी पाना झिजतो.’ मुलगा मोबाईलवर १०८ नगांची पेटी दाखवतो, ४,५०० रुपयांची, तिच्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ आणि ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ असं लिहिलंय. दीर म्हणतात, चायना मालाला हात लावू नका. नक्की कोणत्या देशाचं घ्यावं?
– एक आई, बार्शी तालुका

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देतो. १०८ नगांची पेटी घेऊ नका. सगळं जर्मनही घेऊ नका. रोज हातात येणारे पाने, पकड, कानशी, हातोड्या नावाजलेल्या देशी कारखान्यांच्या घ्या, आणि त्या सुट्या, एकेक निवडून घ्या. मोटारीच्या विजेच्या कामाला लागणारी दोन-तीन हत्यारं मात्र १,००० व्होल्टची प्रमाणित हवीत. तिथं देश कुठलाही चालेल, खूण नसलेली चालणार नाहीत. आणि १५,००० मधले ३,००० रुपये आत्ता खर्चूच नका.

देशाच्या शिक्क्याबद्दल आपल्याकडे जी पक्की मतं आहेत, ती बहुतेक जुन्या काळातली आहेत. ‘मेड इन जर्मनी’ या शिक्क्याचीच गोष्ट घ्या. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथला जर्मन माल पाहून फ्रान्झ रुलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानंच मायदेशी लिहून कळवलं, की आपला माल स्वस्त आणि वाईट आहे. त्या काळात जर्मनीतल्या झोलिंगेनच्या काही सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचं नाव ठोकून त्या विकल्या जात. शेफील्डवाल्यांनी ओरड केली आणि १८८७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटननं कायदाच केला. बाहेरून येणाऱ्या मालावर फसवं नाव नको, तो कुठला ते स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणजे तो शिक्का गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी आला होता. पुढं जर्मन कारखान्यांनी पोलाद सुधारलं, मापं काटेकोर केली, आणि काही दशकांत त्याच शिक्क्याला मान मिळाला. जपानचं आणि तायवानचं तेच झालं. चीनमधल्या चांगल्या कारखान्यांचं आज तेच होतंय.

शिवाय कंपनीचं नाव एका देशाचं आणि कारखाना दुसऱ्या देशात, हे आता रोजचंच आहे. वेरा हे नाव जर्मनीतल्या वुपर्टालचं, पण तिचे स्क्रू ड्रायव्हर मुख्यतः चेक प्रजासत्ताकात बनतात आणि त्यांच्यावर तसं छापलेलंही असतं. सरकत्या जबड्याच्या स्क्रू पान्यासाठी जगभर ओळखली जाणारी स्वीडनची बाको १९९९ पासून अमेरिकन समूहाकडे आहे. उलट आपली टपारिया १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हत्यारं बनवू लागली. तिचे कारखाने नाशिकच्या सातपूरला आणि गोव्यात आहेत. जालंधर-लुधियानाच्या पट्ट्यात बनणारे पाने आणि पकडी परदेशी कंपन्यांच्या नावानं युरोप-अमेरिकेत विकल्या जातात. त्यामुळे देशी म्हणजे कमअस्सल असं धरून चालणाऱ्या दुकानदारानं आपल्याच फळीवरच्या परदेशी खोक्यांची बारीक अक्षरं एकदा वाचावीत.

मग देशानं काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे एखाद्या गावात एकाच वस्तूचं कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं. पकडीसाठी वुपर्टाल, गोट्या (बोल्टवर बसवायचे सॉकेट) आणि त्या फिरवायचा दांडा म्हणजे रॅचेट, यांसाठी तायवानचं ताइचुंग, ही तशी ठिकाणं. आपल्याकडे कानशीच्या बाबतीत रत्नागिरी आणि चिपळूणचं नाव घ्यावं लागेल. जेके फाइल्सचे कारखाने तिथं आहेत आणि जगातल्या मोठ्या कानस-उत्पादकांत ही कंपनी मोडते. कानशीसाठी तुम्हाला परदेशाकडे बघायची गरजच नाही. दुसरं ठिकाण कायद्याचं. जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथं चाचणी कुणी घेतली आणि जबाबदार कोण, हे महत्त्वाचं ठरतं. तिसरं म्हणजे बदली मिळणं. पाना फुटला तर तो सोलापुरात बदलून मिळणार की खोक्यावरचा पत्ता वाचत बसावं लागणार?

चीनबद्दल दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चीनमध्ये सगळ्या दर्जाचा माल बनतो. मागवणारा आयातदार जो भाव देतो आणि जी तपासणी मागतो, त्याप्रमाणे माल येतो. नामांकित कंपनीनं स्वतःच्या मापावर करवून घेतलेला चिनी रॅचेट उत्तम असू शकतो. नाव-पत्ता नसलेला, दर खेपेला वेगळा येणारा माल टाळायचा, मग तो चीनचा असो की दिल्लीच्या एखाद्या गल्लीतला. देशी माल देशावरच्या मायेनं घ्यायचा असेल तर तेही चांगलंच कारण आहे. फक्त तोसुद्धा तपासून घ्यावा.

खोक्यावर काय वाचायचं ते मुलाला नीट दाखवा. आपल्या वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकबंद मालावर उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. आयात मालावर मूळ देशही. २०२० पासून ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणं सक्तीचं आहे. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ असेल तर ती कंपनी माल बनवते. ‘मार्केटेड बाय’ असेल तर ती फक्त विकते. बनवणारा वेगळा असतो आणि त्याचंही नाव बारीक अक्षरांत शोधावं. ‘जर्मन टेक्नॉलॉजी’, ‘जपान क्वालिटी’, ‘यूएसए डिझाइन’ या शब्दांनी माल कुठं बनला ते कळत नाही. ज्या पेटीवर हे मोठ्या अक्षरांत आहे आणि मूळ देश सापडत नाही, ती खाली ठेवा.

आता ‘क्रोम व्हॅनेडियम’. हे पोलादाच्या मिश्रणाचं नाव. पान्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा एका ठरावीक पोलादात क्रोमियम साधारण १ टक्का आणि व्हॅनेडियम ०.१ ते ०.२५ टक्के असतं. हे पोलाद चांगलंच आहे, पण कस लागतो तो पुढच्या कामात. तुमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, तेच इथं भट्टीत होतं. घडवलेला पाना साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात. त्यानं तो कडक होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून पुन्हा बेताच्या तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. हे दुसरं तापवणं कमी पडलं तर पान्याचा जबडा एक दिवस काचेसारखा तुटतो. जास्त झालं तर पाना मऊ राहतो आणि तोंड फाकतं. भट्टीत हवा शिरली तर वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो. आत कडक, वर मऊ, आणि रिंग पान्याच्या, म्हणजे बोल्टचं डोकं चहूबाजूंनी धरणाऱ्या पान्याच्या, आतले कोपरे महिन्याभरात गोल. मुलामा देण्याआधी पोलाद आम्लात धुतात. त्या वेळी आत शिरलेला हायड्रोजन नंतर भट्टीत काढला नाही, तर चकचकीत पाना कसलीही खूण न दाखवता मोडतो. यातलं काहीही ‘क्रोम व्हॅनेडियम’ या शब्दांत लिहिलेलं नसतं. म्हणूनच कारखाना आणि त्याची शिस्त बघायची.

भारतीय मानकं इथं कामाला येतात. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यासाठी आयएस २०२८, रिंग पान्यासाठी २०२९, पकडीसाठी ३६५०, हातोडीसाठी ८४१, स्क्रू ड्रायव्हरसाठी ८४४, स्क्रू पान्यासाठी ६१४९. कंपनीच्या कॅटलॉगात हा आकडा दिलेला असेल तर कडकपणा, माप आणि किती जोर सहन व्हायला हवा हे ठरलेलं असतं, आणि तसं नसल्यास विचारायला आधार राहतो.

दुकानात जाताना मुलाबरोबर तीन वस्तू द्या: व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी), एम८ चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा, एक कोरा बोल्ट ज्याचं डोकं १३ मिमी आहे, आणि लवचिक वायरमधला केसासारखा तांब्याचा एक धागा.

रिंग पाना हातात घेतला की मुलाम्याची चमक बघू नये, आतले बारा कोपरे बघावेत. ते काटेकोर हवेत. कोपऱ्यात मुलाम्याचे थेंब साचलेले असतील तर आतलं कोरीव काम खडबडीत होतं आणि मुलाम्यानं ते झाकलंय असं समजा. पाना बोल्टवर चढवून हलवा. थोडी सैल हालचाल असतेच, पण डोकं आत डुगडुगता कामा नये. फिक्स पान्याचं तोंड व्हर्नियरनं मोजा. १३ चा पाना १३ मिमीपेक्षा कमी असूच शकत नाही, कारण तो बसणारच नाही. साधारण पाव मिलीमीटरपेक्षा जास्त सैल असेल तर सोडून द्या. तोंडाच्या टोकाशी एक माप आणि घशाशी दुसरं माप घ्या. दोन्ही सारखी असली पाहिजेत. टोकाशी रुंद असेल तर सगळा जोर बोल्टच्या सपाट बाजूवर न येता कोपऱ्यावर येतो, आणि मग लोक म्हणतात ‘बोल्ट गोल झाला’. बोल्ट गोल करणारा पाना तेव्हाही हातातच असतो.

विकत आणल्यावर, बिल हातात असताना, घरी आणखी एक परीक्षा करता येईल. एम१० चा, ८.८ ग्रेडचा बोल्ट व्हाइसमध्ये पक्का धरायचा, १७ चा फिक्स पाना लावायचा आणि एका हातानं, पाईप न लावता, नेहमीच्या जोरानं ओढायचं. आधी आणि नंतर तोंड मोजायचं. एक दशांश मिलीमीटरनं जरी तोंड उघडं राहिलं तरी पोलाद मऊ आहे. लगेच परत करा.

पकडीचा कस धारेत आणि सांध्यात. ८ इंची पकड बंद करून उजेडाकडे धरा. कापायच्या धारा टोकापासून सांध्यापर्यंत चिकटलेल्या दिसल्या पाहिजेत. मधे उजेडाची रेघ दिसली तर तिथं बारीक तार कापलीच जाणार नाही, नुसती चेपेल. मग तो तांब्याचा धागा धारेच्या टोकाशी, मधे आणि आत असा तीन ठिकाणी कापून बघायचा. सांधा एका हातानं सहज उघडावा, पण पात्यांना बाजूला हलवलं तर खडखडू नये. चांगल्या पकडीची फक्त धार वेगळी कडक केलेली असते, मूठ नाही. त्यामुळे मुठीवर कानस घासून पकडीची परीक्षा करणाऱ्याचं ऐकू नका.

दुचाकीच्या कामात पकडी खराब होण्याचं एक ठरलेलं कारण आहे: क्लच आणि ब्रेकची केबल. तिच्या आतली तार कठीण पोलादी धाग्यांची असते. साध्या पकडीनं ती कापली की धारेला खाचा पडतात, आणि केबलचं टोकही पिंजारतं. त्यासाठी वेगळा केबल कटर घ्यावा. हे एक हत्यार असं आहे की भारी, परदेशी घेतलं तरी पैसे वसूल होतात.

हातोडीत फार पैसे घालू नका. ५०० ग्रॅमची बॉल पेनची, म्हणजे एका बाजूला गोल डोक्याची, देशी हातोडी पुरते. दांड्याचे रेषे लांबीला धरून सरळ जायला हवेत, तिरके असतील तर दांडा तिथंच फुटेल. तोंडाची कड थोडी मारलेली हवी, नाहीतर तुकडा उडतो. हातोडीवर हातोडी कधीच मारायची नाही. दोन्ही तोंडं कडक असतात आणि उडालेला कण डोळ्यात जातो. हॅक्सॉची फ्रेम साधी चालेल, पाती मात्र बायमेटल घ्या. पातळ पाईपला इंचाला २४ दात, जाड लोखंडाला १८. एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. दात पुढच्या दिशेनं बसवायचे. कानशी तीन पुरेत: १० इंची चपटी बास्टर्ड (जाड दातांची), ८ इंची अर्धगोल सेकंड कट (त्याहून बारीक दातांची), ६ इंची त्रिकोणी. मूठ बसवल्याशिवाय कानस वापरू देऊ नका, मागचं टोक तळहातात घुसतं.

आता अशी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. हत्याराचा देश कोणता यापेक्षा ज्या यंत्रावर काम करायचं त्याच्या बोल्टचा देश कोणता, हे तुमच्या मुलाला जास्त नडणार आहे. जपानी आराखड्याच्या गाड्यांवर, म्हणजे होंडा, यामाहा, सुझुकी यांच्यावर आणि त्यांच्या सहकार्यातून आलेल्या आपल्या कित्येक गाड्यांवर, एम८ बोल्टचं डोकं १२ मिमीचं आणि एम१० चं १४ मिमीचं असतं. मोटारी आणि पंपांवर तोच एम८ बोल्ट १३ मिमी डोक्याचा, आणि एम१० चं डोकं जुन्या जर्मन पद्धतीनं १७ किंवा आता आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६. जुन्या, इंग्लंडच्या लिस्टर पद्धतीच्या डिझेल इंजिनांवर ब्रिटिश व्हिटवर्थ ही इंचातली मापं भेटतील. त्यातलं एक डोकं ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिमी. त्यावर १५ चा पाना चढत नाही आणि १६ चा घसरतो. अशा ठिकाणी घट्ट बोल्टला १६ लावून जोर केला तर जगातला सर्वात महाग पानासुद्धा कोपरे मारणार. व्हिटवर्थचे दोन-तीन पाने जुन्या बाजारात मिळाले तर जरूर घ्या. जुने विलायती पाने बहुधा चांगल्या पोलादाचे असतात. फक्त तोंड फाकलंय का ते मोजून घ्यावं.

स्क्रूचंही असंच. जपानी गाड्यांच्या कार्बोरेटरवर, ब्रेकच्या तेलाच्या डबीवर, इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर जे चौफुली खाचेचे स्क्रू असतात, ते दिसायला नेहमीच्या फिलिप्स चौफुली स्क्रूसारखे, पण जपानी मानकाचे. बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात तळाला आधी टेकतं आणि बाजूच्या भिंतींना नीट भिडत नाही. जोर दिला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. जपानी टोकाचा, नंबर २ मापाचा, एक ड्रायव्हर घ्या; ओसाकाच्या व्हेसेलचा भारतात मिळतो. हे ठिकाण असं की देश खरंच महत्त्वाचा, कारण टोकाचा आकारच त्या देशाच्या मानकाचा आहे. न मिळाल्यास चांगल्या फिलिप्सचं टोक तेलाच्या दगडावर अर्धा मिलीमीटर घासून बोथट करायचं. ग्राइंडरवर नाही, टोक निळं झालं तर पाणी उतरतं. गंजून बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ही वस्तू पहिल्या महिन्यातच पैसे फेडते.

विजेचं काम मात्र वेगळ्या काळजीचं. विहिरीवरची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर चालते. पकडीच्या मुठीवर रबर किंवा प्लॅस्टिक आहे म्हणजे ती विजेपासून वाचवते असं नाही. बऱ्याच मुठी फक्त हाताला बरं वाटावं म्हणून असतात. विजेसाठीच्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण, ‘१००० V’ आणि आयईसी ६०९०० हा आंतरराष्ट्रीय मानकाचा आकडा कोरलेला किंवा छापलेला असतो, शिवाय उत्पादकाचं नाव आणि निर्मितीचं वर्ष. १,००० व्होल्टपर्यंत वापरायची ही हत्यारं १०,००० व्होल्टवर तपासलेली असतात. अशी एक पकड आणि दोन स्क्रू ड्रायव्हर घ्यावेत. आवरणाला चीर गेली, वितळलं, सोललं, की ते हत्यार विजेच्या कामातून बाद. टेप गुंडाळून परत वापरायचं नाही. आणि हे हातात असतानाही स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, मग स्टार्टरच्या पेटीला हात. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये. मल्टिमीटर आधी चालू लाईनवर चालतोय का बघायचा, मग बंद लाईन तपासायची, मग पुन्हा चालू लाईनवर खात्री. स्टार्टरमधला कपॅसिटर लाईन बंद झाल्यावरही झटका देतो, तो आधी रिकामा करायला हवा.

आणि ती १०८ नगांची पेटी. त्यात काय असतं ते मुलाला मोजायला सांगा. अशा पेट्यांत नगांची संख्या वाढते ती छोट्या बिटांनी, ४-५ मिमीच्या चिमुकल्या गोट्यांनी आणि अॅलन की (षटकोनी चाव्या) वेगवेगळ्या मोजून. तुमच्या दुकानात रोज लागणारी मापं ८, १०, १२, १३, १४, १७, १९ एवढीच आहेत. ४,५०० भागिले १०८ केलं तर नगाला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात रॅचेटही आला. त्यात सगळ्यात आधी जातो तो रॅचेटच. आतला दात तुटतो आणि घट्ट बोल्टवर जोर असताना हात सटकून इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर आदळतो.

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून मी नगाची किंमत न सांगता वाटा सांगतो. रिंग पाने ८ नगांचा संच (६×७ पासून २०×२२ पर्यंत) आणि तसाच फिक्स पान्यांचा संच, मिळून साडेतीन हजारांच्या आत. अर्धा इंची चौकाचा रॅचेट, एक लांब आणि एक छोटं एक्स्टेन्शन, आणि रोजच्या मापांच्या सहा कोपऱ्यांच्या गोट्या सुट्या, साडेतीन हजारांपर्यंत. बारा कोपऱ्यांची गोटी चढवायला सोपी, पण गंजलेल्या बोल्टवर सहा कोपऱ्यांचीच पकड घट्ट. रॅचेटला ७२ दात असतील तर ५ अंशांच्या जागेतही चालतो, अडचणीच्या ठिकाणी फार कामाचा. विजेची प्रमाणित हत्यारं आणि मल्टिमीटर मिळून दोन हजार. पकड, केबल कटर, जपानी टोकाचा ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, अॅलन की संच यांना दोन हजार. हातोडी, हॅक्सॉ, कानशी, छिन्नी, पंच यांत उरलेले हजार. मोठा स्क्रू पाना एक असू द्या, १० इंची, पण अडीअडचणीला. तो वापरताना जोर नेहमी स्थिर जबड्यावर यायला हवा, सरकत्यावर आला तर त्याचा गिअर बसतो.

चांगली हत्यारं लवकर मरतात ती दोन सवयींनी. पान्याची लांबी त्याच्या मापाला धरून ठरवलेली असते; १३ चा पाना आखूड असतो कारण एम८ बोल्ट तेवढाच जोर सोसतो. त्यावर पाईप चढवला की एकतर बोल्ट तुटून डोकं हातात येतं, नाहीतर पाना वाकतो. सुटत नसलेल्या बोल्टला तेल घालून रात्रभर ठेवा, किंवा नट तापवा. दुसरी सवय, चकचकीत मुलाम्याची गोटी हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनला लावणं. ती फुटून तुकडे उडतात. गनसाठी काळ्या रंगाच्या क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या वेगळ्या मिळतात.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर करा. आपल्याकडे नावाजलेल्या देशी कंपन्यांच्या नकला भरपूर फिरतात, म्हणून ‘देशी झिजतो’ ही तक्रार कधीकधी नकली पान्याची असते. नाव वरवर छापलेलं, अक्षरांचं वळण खोक्यावर एक आणि पान्यावर दुसरं, कमाल किमतीचं लेबल नाही, महिना-वर्ष नाही, भाव बाजारापेक्षा निम्मा, असं दिसलं की तो माल नको. विक्रेत्याला आधीच विचारा: तुटला तर बदलून कोण देणार, तुम्ही की कंपनी? उत्तर बिलावर लिहून घ्या. सोलापूरच्या त्या दुकानदारालाही हाच प्रश्न विचारा, जर्मन पान्याबद्दलसुद्धा.

राखून ठेवलेले ३,००० दोन-तीन महिन्यांनी काढा. तोवर कोणतं माप रोज लागतं, काय मागायला शेजारच्या गॅरेजात जावं लागतं, ते मुलाला कळलेलं असेल. बहुधा यादीत सर्वात वर टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना, येईल, कारण अॅल्युमिनियमच्या इंजिनात अंदाजानं आवळलेला बोल्ट आटेच उपटून आणतो. टॉर्क पाना कुठल्या देशाचा हे बघू नका. त्या एकाच नगाचा स्वतःचा क्रमांक असलेलं तपासणीचं प्रमाणपत्र सोबत आहे का, आणि त्यात चूक अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत दाखवलीय का, ते बघा. आणि रोज काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणूनच तो पेटीत ठेवायला सांगा, नाहीतर वर्षभरात तो खोटं माप दाखवायला लागेल.